कॅमेरा बदलावा कीं राखावा?

गेल्या वैशाखांत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. शाळेंत असतांना तो इतिहासाच्या तासाला शेवटच्या बाकावर बसे. आज तो एका पतपेढींत नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशीं आमच्या कृष्णाकांठच्या गांवांतील जुन्या वाड्यांचीं छायाचित्रें घेतो. वाडे एकामागून एक उतरविले जात आहेत. जें जाणार तें निदान चित्रांत तरी राहावें, इतकाच त्याचा हेतु. त्याच्या गळ्यांत एक डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा होता. कॅमेरा पंधरा वर्षांचा, आणि यानें तो दुसऱ्याच्या हातून घेतलेला. समोर बसून तो म्हणाला, "सर, हा विकून नवा घ्यावा म्हणतों. कर्ज काढावें लागेल. तुमचें काय मत?"

मीं फारसा विचार न करतां म्हटलें, "बाळ, जुनें तें सोनें." तो नमस्कार करून निघून गेला. परंतु मागाहून माझें मन मला खाऊं लागलें. छत्तीस वर्षें मुलांना इतिहास शिकविला, आणि एका सरळ प्रश्नाला म्हणीनें उत्तर देऊन मोकळा झालों! म्हण हा कांहीं पुरावा नव्हे. म्हणून या कॅमेऱ्याच्या जातीचा इतिहास मीं मुळापासून वाचावयास घेतला. तेव्हां असें आढळलें कीं, माझ्या विद्यार्थ्याला पडलेला प्रश्न जवळजवळ शंभर वर्षांचा आहे, आणि प्रत्येक पिढींत त्याचें उत्तर एकच नव्हतें. तो इतिहास आज आपणांपुढें ठेवतों.

प्रथम रेंजफाइंडर म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. एक डोळा मिटून सुईंत दोरा ओंवूं लागल्यास हात चुकतो. दोन्ही डोळे उघडे असले म्हणजे अंतराचा अंदाज येतो. या कॅमेऱ्यालाहि तसेच दोन डोळे असतात. त्याच्या कपाळावर दोन खिडक्या असतात, आणि त्यांतून आलेलीं दोन चित्रें पाहणाराच्या डोळ्यापुढें एकावर एक पडतात. भिंगाचें कडें फिरवीत गेलें कीं त्यांतील एक चित्र सरकतें. दोन्ही चित्रें एकमेकांत मिसळलीं कीं अंतर जुळलें असें समजावें. हें सर्व भूमितींतील त्रिकोणाचें काम आहे. जर्मनींतील लायका कॅमेऱ्याच्या 'एम' जातींत या त्रिकोणाचा पाया सुमारें ६९ मिलिमीटर असतो. समोरचा मनुष्य तीन मीटरांवर असेल तर दोन दृष्टिरेषांमधील कोन सुमारें १.३ अंश होतो. सहा मीटरांवर तो निम्मा होतो. इतक्या बारीक कोनावर सारा खेळ चालतो. भिंगाची मागील कड कॅमेऱ्याच्या पोटांतील एका लहानशा चाकाला ढकलते, आणि त्या चाकाच्या दांड्यामुळें तें चित्र सरकतें. यांत विजेचा संबंध नाहीं. सर्व धातूची कारागिरी आहे. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी, कारण शेवटीं मला तिची गरज लागणार आहे.

आतां इतिहास. वेट्झलार हें जर्मनींतील एक लहान शहर. तेथें लाइट्झ घराण्याचा सूक्ष्मदर्शक यंत्रांचा कारखाना होता. इ. स. १९११ मध्यें ऑस्कर बार्नाक नांवाचा एक यंत्रकार तेथें नोकरीस लागला. त्याला दम्याचा विकार होता, आणि त्या काळचे कांचेच्या तबकड्यांचे अवजड कॅमेरे वागविणें त्याला झेपत नसे. त्यानें सिनेमाची ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली, ती आडवी चालविली, सिनेमाच्या १८ गुणिले २४ मिलिमीटरांच्या चौकटीची दुप्पट करून २४ गुणिले ३६ ची चौकट ठरविली, आणि इ. स. १९१४ च्या सुमारास अंगरख्याच्या खिशांत मावेल असा कॅमेरा तयार केला. पहिलें महायुद्ध आणि त्यानंतरची जर्मन चलनाची दुर्दशा यांमुळें पुढील काम लांबणीवर पडलें. अखेर इ. स. १९२४ मध्यें दुसऱ्या अर्न्स्ट लाइट्झनें धोका पत्करण्याचें ठरविलें, आणि इ. स. १९२५ च्या वसंत ऋतूंत लाइप्झिगच्या जत्रेंत लायका लोकांपुढें आला. त्याचें भिंग माक्स बेरेक या शास्त्रज्ञानें आंखलें होतें.

गंमत अशी कीं, या पहिल्या लायकांत रेंजफाइंडर नव्हताच. अंतर अदमासानें ठरवावें, किंवा एक सुटा अंतरमापक वर बसवून त्यांत आलेला आंकडा भिंगाच्या कड्यावर उतरवावा, अशी रीत होती. इ. स. १९३० मध्यें लायकाचीं भिंगें बदलतां येऊं लागलीं, आणि इ. स. १९३२ मध्यें अंतरमापक कॅमेऱ्याच्या अंगांतच बसून भिंगाशीं जोडला गेला. त्याच वर्षीं झाइस इकॉन कंपनीचा कॉन्टॅक्स हा प्रतिस्पर्धीहि बाजारांत आला. आतां सात वर्षांपूर्वीं पदरचे पैसे मोजून पहिला लायका घेतलेल्या गृहस्थानें काय करावें? माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न येथें प्रथम जन्मास आला.

वेट्झलारच्या कारखान्यानें त्यास दिलेलें उत्तर मोठें समंजस होतें. जुना कॅमेरा कारखान्याकडे धाडावा. तो उघडून, आंत नवे भाग घालून, नव्या नमुन्याबरहुकूम करून परत मिळेल. अशा रीतीनें अनेक कॅमेरे पालटले गेले. नांवगांव जुनें आणि अंगांतील यंत्र नवें, असे ते कॅमेरे आजहि संग्राहकांच्या पाहण्यांत येतात. येथेंच माझी म्हण पहिल्यानें लटकी पडली. "जुनें तें सोनें" असें म्हणून जो अदमासावरच विसंबून राहिला, त्याचें अंतर हुकण्याचें दुखणें तसेंच राहिलें. १९३२ चा बदल शोभेचा नव्हता. हाताची एक खरी अडचण त्यानें दूर केली.

याच लहानशा कॅमेऱ्यानें छायाचित्रकाराला रस्त्यावरील गर्दींत, कोणाच्या ध्यानांत न येतां, उभें राहतां येऊं लागलें. आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार लायका घेऊनच हिंदुस्थानांत आला होता, इ. स. १९४८ च्या जानेवारींत महात्मा गांधींना त्यांच्या हत्येच्या थोडेंच आधीं त्यानें टिपलें, आणि दिल्लींतील त्यांची अंत्ययात्राहि टिपली.

दुसरा मोठा बदल इ. स. १९५४ मध्यें झाला. त्या वर्षीं लायकाचा एम-३ हा नमुना निघाला. तोंपर्यंत चित्राची चौकट एका भोंकांतून पाहावयाची आणि अंतर दुसऱ्या भोंकांतून जुळवावयाचें, अशी कसरत होती. एम-३ मध्यें दोन्ही कामें एकाच खिडकींत आलीं. भिंग पेंचानें पिळून बसविण्याऐवजीं किंचित् फिरवून अडकवितां येऊं लागलें. आणि जुन्या पेंचाचीं भिंगें फुकट जाऊं नयेत म्हणून एक पातळ कडें करण्यांत आलें. तें लावलें कीं जुनें भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसतें. भिंग अडकविण्याची ती १९५४ सालची रीत आजहि चालूं आहे. म्हणजे आजोबांनीं १९३५ सालीं घेतलेलें भिंग नातवाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर काम करूं शकतें. यंत्रांच्या जगांत इतकी दीर्घ नातीं फार थोडीं.

इ. स. १९५९ मध्यें जपानचा निकॉन एफ निघाला आणि आरशाच्या कॅमेऱ्यांचें युग जोमानें सुरू झालें. त्यांत प्रत्यक्ष भिंगांतूनच दिसतें, म्हणून दूरचें आणि अगदीं जवळचें असें दोन्ही टिपावयास ते सोयीचे. व्यवसायी मंडळी तिकडे वळलीं. रेंजफाइंडर मागें पडला, पण मेला नाहीं. त्याला आरसा नाहीं, म्हणून आवाज थोडा. आणि त्याच्या खिडकींतून चौकटीबाहेरचेंहि दिसतें, म्हणून चित्रांत कोण शिरणार आहे हें आधींच कळतें. एवढ्या दोन गुणांवर कांहीं लोक त्याला धरून राहिले.

आतां एका महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतों. फिल्मच्या काळांत कॅमेरा म्हणजे एक काळोखी पेटी, एक झडप आणि एक भिंग. चित्र प्रत्यक्ष उमटे तें फिल्मवर, आणि ती दर छत्तीस चित्रांनंतर बदलली जाई. फिल्म करणारांनीं जी जी सुधारणा केली, ती दुकानांतून आणतांच तीस वर्षांच्या जुन्या कॅमेऱ्यालाहि आपोआप मिळे. डिजिटल कॅमेऱ्यांत ही सोय संपली. तेथें फिल्मची जागा सेन्सर नांवाच्या चकतीनें घेतली, आणि ती कॅमेऱ्याच्या पोटांत कायमची बसविलेली असते. जणूं पहिल्या दिवशीं घातलेली फिल्मच जन्मभर वापरावयाची! जुना डिजिटल कॅमेरा बदलावा कीं काय, हा प्रश्न इतका बोंचतो तो यामुळें. धातूचें अंग आणि भिंग पन्नास वर्षें टिकणारें, पण आंतील चकती तेवढी लवकर म्हातारी होणारी. एकाच घरांत दोन निराळ्या आयुष्यांचीं माणसें राहूं लागलीं.

पहिला डिजिटल रेंजफाइंडर जपानांत झाला. इ. स. २००४ मध्यें एप्सन कंपनीनें कोसिना या कंपनीच्या साह्यानें आर-डी१ काढला. सुमारें साठ लक्ष चित्रबिंदूंचा हा कॅमेरा. त्यांत फिल्म नसतांनाहि दर चित्रामागें दांडी ओढून झडप ताणावी लागे, आणि किती चित्रें उरलीं, बॅटरी किती राहिली, हें घड्याळासारख्या कांट्यांनीं दाखविलें जाई.

वेट्झलारच्या परंपरेंतील पहिला डिजिटल रेंजफाइंडर म्हणजे इ. स. २००६ चा लायका एम-८. त्याच्यापुढें एक अवघड गणित होतें. या जातीचीं भिंगें फिल्मच्या अगदीं जवळ बसतात, त्यामुळें चित्राच्या कडांवर किरण फार तिरपे पडतात. फिल्मला तिरपे किरण चालतात. सेन्सरवरील बारीक खळग्यांना ते चालत नाहींत. म्हणून सेन्सर पुऱ्या चौकटीचा न करतां १८ गुणिले २७ मिलिमीटरांचा केला, कडेचीं सूक्ष्म भिंगें आंतल्या बाजूस सरकविलीं, आणि वरची कांच फार पातळ ठेविली. पण एक दुखणें बरें करावयास जावें तों दुसरें उभें राहावें तसें झालें. त्या पातळ कांचेंतून डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण आंत शिरूं लागले, आणि कृत्रिम धाग्याचें काळें कापड चित्रांत जांभळट दिसूं लागलें. कंपनीनें गिऱ्हाइकांना भिंगावर लावावयाच्या दोन गाळणकांचा विनामूल्य दिल्या.

पुढें इ. स. २००८ च्या आरंभीं कंपनीनें एक घोषणा केली. गिऱ्हाइकानें कॅमेरा टाकून देण्याचें कारण नाहीं. नवे भाग निघतील तसे जुन्या अंगांत बसवून देण्यांत येतील. १९३२ सालचा तोच जुना समंजस विचार! पहिला हप्ता म्हणून अधिक शांत झडप आणि मागील पडद्यावर नीलमण्याच्या जातीची कठीण कांच बसवून मिळूं लागली. परंतु इ. स. २००९ च्या सप्टेंबरांत एम-९ आला. त्याचा सेन्सर बार्नाकच्या २४ गुणिले ३६ च्या पुऱ्या चौकटीचा होता, आणि तो कांहीं एम-८ च्या अंगांत बसवितां येईना. वचनाची मजल झडपेपर्यंत आणि कांचेपर्यंतच पोंचली. यांत मी कोणाची लबाडी पाहत नाहीं. लोखंडाचा भाग बदलतां येतो. चकती, तिची वीज आणि तिचें गणित हें सर्व एकजीव असतें. जुनें वचन नव्या यंत्राला पेललें नाहीं, एवढेंच.

एम-९ च्याहि नशिबीं पुढें एक संकट आलें. त्याच्या सेन्सरवरील कांच कालांतरानें झिजूं लागली व चित्रांत ठिपके उमटूं लागले. इ. स. २०१४ मध्यें कंपनीनें सेन्सर विनामूल्य बदलून देण्याचें जाहीर केलें, आणि पुढें अधिक टिकाऊ कांचेचे सेन्सर बसविले. पण एम-८ व एम-९ यांचे सेन्सर कोडॅकनें केलेले होते; त्या कंपनीनें आपला सेन्सरांचा विभाग इ. स. २०११ मध्यें विकला, आणि इ. स. २०१२ च्या जानेवारींत ती दिवाळखोरींत गेली. कालांतरानें बदली सेन्सर मिळणेंहि बंद झालें. एम-८ च्या मागील पडद्यांचीहि तीच कथा. भिंग नव्वद वर्षें पुरलें; सुटे भाग पंधरा वर्षेंहि पुरले नाहींत.

आतां थोडें अंकगणित. एम-८ चे चित्रबिंदु सुमारें १०३ लक्ष, एम-९ चे १८० लक्ष, इ. स. २०१२ च्या 'एम' चे २४० लक्ष, आणि इ. स. २०२२ च्या एम-११ चे ६०० लक्ष. ऐकणाराला वाटेल कीं बारीकपणा सहापट झाला. पण चित्राला लांबी आणि रुंदी अशा दोन बाजू असतात. बिंदु चौपट झाले तेव्हां कोठें बारीकपणा दुप्पट होतो. १०३ लक्षांपासून ६०० लक्षांपर्यंतचा बारीकपणा म्हणजे सुमारें २.४ पट. एम-८ चें चित्र ३९३६ गुणिले २६३० बिंदूंचें. इंचास दोनशें बिंदु धरले तरी सुमारें साडेएकोणीस इंच लांब आणि तेरा इंच रुंद असा कागद भरतो. आपल्या घरच्या भिंतींवर याहून मोठीं चित्रें कितीशीं असतात?

म्हणून मला असें दिसून आलें कीं, बदलांच्या दोन जाती आहेत. एक बदल हाताची किंवा डोळ्याची अडचण काढतो. दुसरा नुसता आंकडा वाढवितो. १९३२ चा, १९५४ चा आणि चौकट पुरी करणारा २००९ चा हे पहिल्या जातीचे. मंद उजेडांत स्वच्छ चित्र देण्याची नव्या सेन्सरांची शक्ति हीहि पहिल्याच जातीची, कारण ती अंधाऱ्या जागीं काम करणाराला खरोखर उपयोगी पडते. तेव्हां प्रश्न "जुना कीं नवा" असा नसून, "माझीं चित्रें कशानें बिघडतात" असा आहे.

श्रावणांत मीं त्या विद्यार्थ्याला निरोप धाडून बोलाविलें, आणि माझें पहिलें उत्तर मागें घेतलें. मग त्याला घरचा अभ्यास दिला. गेल्या दोन वर्षांतील, ज्यांची आठवण होतांच जीव हळहळतो अशीं साठ फसलेलीं चित्रें काढ आणि प्रत्येकापुढें फसण्याचें कारण लिही. पंधरा दिवसांनीं तो वही घेऊन आला. चित्रबिंदु अपुरे पडलेलीं चित्रें निघालीं तीन. अंधारामुळें दाणेदार झालेलीं बारा. हात हललेलीं अकरा. आणि अंतर चुकलेलीं चौतीस.

त्या चौतिसांत एक चित्र एका आजींचें होतें. माजघरांत, देवळींतील समईच्या पुढें त्या बसल्या होत्या. मागची देवळी अगदीं रेखीव आली होती, समईची वात मोजून घ्यावी अशी. आणि आजींचा चेहरा मात्र पुसटलेला. तो वाडा पुढें दोन महिन्यांत उतरविला गेला, आणि त्याच हिंवाळ्यांत आजीहि गेल्या. या एका चित्रापायींच तो कर्ज काढावयास निघाला होता, हें मला तेव्हां कळलें.

मीं विचारलें, "हा कधीं पडला होता का रे?" तो ओशाळून म्हणाला, "होय सर. दोन वर्षांपूर्वीं ओट्यावरून पडला. पण चालत होता, म्हणून लक्ष दिलें नाहीं." आम्हीं टेबलावर एक मोजपट्टी तिरपी ठेवली आणि मधल्या आंकड्यावर अंतर जुळवून चित्र घेतलें. रेखीव आला तो त्याच्या बराच मागचा आंकडा. ६९ मिलिमीटरांच्या पायावरील तो बारीक कोन धक्क्यानें ढळला होता! सेन्सरचीहि परीक्षा घेतली. भिंगाचें तोंड बारीक करून मोकळ्या आकाशाचें चित्र काढलें आणि झिजेचे ठिपके शोधले. ते नव्हते. पुण्यांतील एका वृद्ध कारागिरानें एक बारीकसा पेंच फिरवून अंतरमापक पुन्हां जुळवून दिला.

शेवटीं असें ठरलें. कर्ज काढावयाचें नाहीं. हाच कॅमेरा एक वर्ष वापरावयाचा आणि फसलेल्या चित्रांची वही तशीच चालूं ठेवावयाची. वर्षाअखेर अंधाराचीं व हात हलल्याचीं तेवीस चित्रें तेवीसच राहिलीं, तर ती अडचण खरी समजावी, आणि तोंपर्यंत सांठलेल्या पैशांत मंद उजेडांत चांगलें काम देणारा, एखाद्या पिढीनें अलीकडचा कॅमेरा दुसऱ्या हातचा घ्यावा. मध्येंच सेन्सर गेला, तर ज्याचे भाग निघत नाहींत अशा चकतीवर पैसा घालूं नये. भिंगें मात्र विकूं नयेत. पावसाळ्यांत त्यांना बुरशी लागूं न देतां कोरड्या डब्यांत जपावीं, कारण पुढच्या कॅमेऱ्यालाहि तींच लागणार.

श्रोतेहो, तो नवें घ्यावें म्हणून आला होता, आणि मीं त्याला जुनें राखावें म्हणून वाटेस लावलें होतें. दोघांनींहि वस्तु उघडून पाहिली नव्हती. त्यानें माझें ऐकलें असतें, तर आणखी चौतीस चेहरे पुसट झाले असते. स्वतःचें ऐकलें असतें, तर पेंचाच्या एका फेऱ्याचें काम कर्जानें झालें असतें. आजींचें तें चित्र आतां पुन्हां निघणें नाहीं. पण गेल्या रविवारीं शेजारच्या आळींतील एक वाडा उतरविण्यापूर्वीं त्यानें तेथील वडीलधाऱ्यांना ओसरीवर बसवून चित्र घेतलें. तें त्यानें मला आणून दाखविलें. त्यांत प्रत्येकाचा डोळा न् डोळा स्पष्ट आहे.